काळं पडलेलं बोट वाचतं का? गँगरीन आणि मेलेल्या मांसाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे बरेचसे प्रश्न मधुमेही पायाचे आहेत, कारण आपल्याकडे मांस मेल्याची तक्रार घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा पायच पुढे करतो. साप चावणं, खुब्याचं हाड, हार्ट अटॅक यांबद्दलही लोक विचारतात, त्यांची उत्तरं पुढे आहेत. डॉक्टरांकडे किती घाईने जायचं आणि तिथे काय विचारायचं, एवढं हे वाचून कळावं. निदान मात्र पाय हातात धरून बघणाऱ्यानेच करायचं.

मेलेलं मांस पुन्हा जिवंत होतं का?

नाही. पेशी एकदा मेली की कोणतंही इंजेक्शन, लेप, काढा किंवा मशीन तिला परत आणत नाही.

पण काळ्या भागाला लागून एक पट्टा असतो. सुजलेला, जांभळट, हाताला गार लागणारा. तिथल्या पेशी उपाशी असतात, मेलेल्या नसतात. रक्त पोचलं तर त्या वाचतात; नाही पोचलं, किंवा मध्येच पू झाला, तर काळं आणखी पसरतं. सगळा उपचार या पट्ट्यासाठी चाललेला असतो. म्हणून ‘हे काळं बरं होईल का’ असं विचारत बसू नका. ‘इथपर्यंत रक्त येतंय का, आणि आज काय केलं तर किती वाचेल’ असं विचारा. या प्रश्नाला डॉक्टरांना नेमकं उत्तर द्यावं लागतं.

मग ‘जखम भरली’ म्हणतात तेव्हा काय भरलेलं असतं?

नवीन मांस. मेलेला भाग शरीर स्वतः झिजवून टाकतं किंवा सर्जन कापून काढतो, आणि त्या खड्ड्यात खालून नवीन ऊती उगवते. दर ड्रेसिंगला डोळे उघडे ठेवलेत तर हे सगळं दिसतं. आधी काळं, चामड्यासारखं कडक कवच. ते निघालं की पिवळट, चिकट, दोऱ्या-दोऱ्यांचा थर, ज्याला ड्रेसिंगवाले ‘स्लफ’ म्हणतात. तोही साफ झाला की तळाशी लालबुंद, दाणेदार, ओलसर मांस दिसू लागतं. गॉज काढताना त्याला जरा धक्का लागला तरी रक्ताचे टिपके येतात. घरचे घाबरतात, पण ड्रेसिंग करणाऱ्याचा चेहरा इथे खुलतो, कारण रक्त आलं म्हणजे पुरवठा आहे. शेवटी कडेने गुलाबी, पातळ कातडी आत सरकत येते. जखम मोठी असेल तर तिची वाट न पाहता मांडीची कातडी काढून लावतात, म्हणजे स्किन ग्राफ्ट.

भरलेली जागा पूर्वीसारखी होत नाही. व्रणाची ताकद महिन्यांनंतरही मूळ कातडीच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंतच पोचते. तिथे घाम येत नाही, केस येत नाहीत, आणि चपलेचा पट्टा घासला की पहिली फाटते ती हीच जागा.

अंदाज घ्यायला एक साधं माप आहे. योग्य उपचार चालू असताना चार आठवड्यांत मधुमेही पायाच्या जखमेचा आकार निम्म्यावर आला नाही, तर काहीतरी चुकतंय: रक्त कमी पडतंय, आत हाड सडलंय, किंवा पेशंट अजूनही त्याच पायावर चालतोय. तेच ड्रेसिंग पुढे दोन महिने चालू ठेवण्यात अर्थ नाही.

रक्त बंद झाल्यावर किती वेळात मांस मरतं?

अवयवागणिक फरक आहे. मेंदूला चार-पाच मिनिटंच मिळतात. हृदयाच्या स्नायूंत २० ते ४० मिनिटांत मरायला सुरुवात होते. हातापायाचे स्नायू साधारण सहा तास तग धरतात.

सहा तासांचा हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. चालता-बोलता अचानक एक पाय पांढराफटक आणि थंड पडला, असह्य दुखू लागला, बोटं हलेनात, बधिर झाली, तर रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते. ‘शीर आखडली असेल, सकाळी बघू’ म्हणून मलम चोळत रात्र काढली की सकाळपर्यंत ते सहा तास संपलेले असतात. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांच्या घरात तर हे सगळ्यांना माहीत असायला हवं.

बोट काळं दिसतंय म्हणजे गँगरीनच ना?

नेहमी नाही. दारात चेमटल्यावर नखाखाली रक्त साकळतं तेही काळंच दिसतं, आणि ते नखाबरोबर वाढत पुढे सरकतं. मुका मार, वाळलेल्या रक्ताची खपली, भाजल्याचा डाग, हेही काळपट असतात. गँगरीनच्या बोटाला हात लावला तर ते थंड असतं, दाबून सोडल्यावर रंग परत येत नाही, टोचलेलं कळत नाही, आणि कडेला निरोगी कातडीची सीमा दिसू लागते. आपल्या सावळ्या रंगावर सुरुवातीचा निळसरपणा पटकन लक्षात येत नाही. म्हणून नुसतं बघू नका, दोन्ही पायांना एकाच वेळी हात लावून कोणता गार आहे ते पाहा. मधुमेह असेल तर ही तपासणीही घरी करत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

कोरडं गँगरीन आणि ओलं गँगरीन यांत काय फरक? ‘कोरडं आहे, थांबूया’ असं डॉक्टर का म्हणाले?

कोरड्यात रक्त हळूहळू बंद झालेलं असतं आणि जंतुसंसर्ग नसतो. बोट सुकतं, आक्रसतं, काळं ठिक्कर पडतं, वास नसतो. जिवंत आणि मेलेल्या भागामध्ये स्पष्ट रेघ तयार होते. कधीकधी असं बोट आपोआप गळूनही पडतं. म्हणून रक्तपुरवठ्याची तपासणी चालू असताना, संसर्ग नसेल तर, रेघ नीट उमटू देणं हा आळशीपणा नाही. सियाचिनसारख्या ठिकाणी हिमदंश झालेल्या बोटांबाबतही सर्जन कित्येक आठवडे थांबतात, कारण वरून मेलेलं दिसणारं आतून बऱ्यापैकी जिवंत निघू शकतं.

ओलं गँगरीन वेगळं. सूज, फोड, पाणी, पू, आणि खोलीत शिरताच येणारी दुर्गंधी. इथे जंतू मांस खात वर चढत असतात आणि त्यांचं विष रक्तात जात असतं. यात थांबणं नाही. काही तासांत ऑपरेशन करून घाण बाहेर काढावी लागते. आणि कोरडं बोट ओलं होऊ शकतं. ‘कोरडं आहे’ असं सांगून घरी पाठवलं असेल तर रोज बघायचं, पाण्यात भिजवायचं नाही, आणि ओल, वास किंवा ताप यांपैकी एक जरी दिसलं तरी पुढच्या तारखेची वाट न बघता परत जायचं.

पण दुखत तर काहीच नाही. मग एवढी घाई कशाला?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरतात. दुखणं बंद होतं ते यामुळे. चपलेतून वर आलेला खिळा दिवसभर तळव्यात घुसत राहतो आणि माणसाला संध्याकाळी मोज्यावरचं रक्त बघून कळतं. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातली, घरी आल्यावर दोन्ही तळव्यांना मोठे फोड. पाय दुखतात, बधिर वाटतात म्हणून मीठ घातलेल्या गरम पाण्यात पाय बुडवून बसले. पाणी किती कढत होतं ते पायाला समजलंच नाही. अशा जखमा घेऊन येणारा प्रत्येक माणूस तेच वाक्य म्हणतो: ‘डॉक्टर, दुखत नाही हो अजिबात.’ त्याला तो दिलासा वाटतो. खरं तर धोक्याची सूचना देणारी यंत्रणाच बंद पडलेली असते.

आणि त्याच माणसाच्या पायात अचानक दुखू लागलं तर समजा की संसर्ग खोल गेला आहे.

ड्रेसिंग करायचं सोडून डॉप्लर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) आणि इतक्या तपासण्या कशाला?

रक्त पोचत नसेल तर जगातलं सगळ्यात महागडं ड्रेसिंगही फुकट जातं. सुरुवातीची तपासणी स्वस्त आहे: घोट्याचं बीपी आणि दंडाचं बीपी यांचं गुणोत्तर. ते ०.९ पेक्षा कमी आलं तर पायाच्या रोहिण्या, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिन्या, अरुंद झाल्या आहेत. मधुमेहात एक फसवणूक होते. रोहिण्यांत कॅल्शियम साठून त्या कडक होतात आणि दाबल्या जात नाहीत, त्यामुळे आकडा १.४ च्या वर किंवा अगदी ‘नॉर्मल’ही येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचं बीपी घेतात. ते ३० च्या खाली असेल तर जखम स्वतःहून भरण्याची आशा फार कमी. मग अँजिओप्लास्टी किंवा बायपास करून आधी रक्त आणायचं आणि नंतर बोट काढायचं, असा क्रम असतो. संसर्ग जोरात असेल तरच तो उलटा होतो: आधी पू काढायचा, मग लगेच रोहिणीचं बघायचं.

रोहिण्यांची तपासणी न करताच कोणी पाय काढायला सांगत असेल आणि पेशंटचा जीव त्या घटकेला धोक्यात नसेल, तर व्हॅस्क्युलर सर्जनचं मत घ्या. त्यात कोणाचा अपमान नाही.

अँटिबायोटिक चालू आहे, मग कापाकापी का?

गोळी असो वा सलाईन, औषध रक्तातून पोचतं. मेलेल्या मांसात रक्त जात नाही, म्हणजे औषधही जात नाही. जंतू मात्र तिथे मजेत वाढतात. त्यामुळे मेलेलं काढणं, ज्याला डॉक्टर डिब्राइडमेंट म्हणतात, हाच मुख्य उपचार आणि अँटिबायोटिक त्याच्या सोबतीला. एकदा करून भागतंच असं नाही, दोन-तीन वेळा ऑपरेशन टेबलवर न्यावं लागू शकतं. याचा अर्थ पहिलं ऑपरेशन फसलं असा नव्हे.

किळस वाटेल, पण जंतुरहित वातावरणात वाढवलेल्या विशिष्ट माशीच्या अळ्या जखमेवर सोडणं हाही एक मान्य उपचार आहे. त्या मेलेलं खातात आणि जिवंत सोडतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्ये त्याला मंजुरी दिली. आपल्याकडे उघड्या जखमेत आपोआप पडलेल्या अळ्या म्हणजे तो उपचार नव्हे. त्या काढून जखम धुवावी लागते.

हळद, मध, पपई, तंबाखू, चुना: घरी काय लावलं तर चालेल?

तंबाखूची पूड, चुना, रॉकेल, शेण, राख: काहीही नाही. चुना जिवंत कातडी जाळतो आणि शेणातून धनुर्वात होऊ शकतो. हळदीची पिवळी जाड खपली खाली पू झाकून ठेवते, आणि डॉक्टरांना ती धुण्यातच अर्धा वेळ जातो. हळद दुधातून घ्या.

मध आणि पपई यांच्याबद्दल ‘सगळं खोटं’ म्हणणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. निर्जंतुक केलेला वैद्यकीय मध ड्रेसिंगमध्ये वापरतात, आणि पपईतलं पपेन मेलेलं मांस विरघळवतं म्हणून ते मलमांत वापरलं गेलं आहे. पण बाटलीतला मध आणि विळीवर किसलेली कच्ची पपई निर्जंतुक नसते, आणि रक्त येत नसलेल्या पायावर दोन्हींचा उपयोग शून्य.

हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट रोज ओतू नका. जंतूंबरोबर उगवती नवीन ऊतीही मरते. धुवायला सलाईन पुरतं. मेडिकलमध्ये मिळणारी कुरुपाची पट्टी मधुमेह्यांनी तर मुळीच लावायची नाही. तिच्यात आम्ल असतं, ते कुरुपाबरोबर खालची चांगली कातडीही खातं. ब्लेडने कुरूप तासणं हेही त्यातलंच.

एकदा बोट काढलं की मग पंजा, मग गुडघा, असं वर चढतच जातं म्हणतात. खरं का?

गावोगाव प्रत्येकाला असा एक माणूस माहीत असतो, म्हणून ही भीती इतकी पक्की आहे. असं घडतं, हे खरं. पण कापल्यामुळे घडत नाही. रक्त न आणता बोट काढलं की ती नवी जखम भरत नाही. साखर तशीच राहिली, तंबाखू सुटला नाही, उघड्या जखमेवर चालणं चालूच राहिलं, की रोग वर सरकतो. दुसरं कारण उशिराचं. ‘बोट काढायचं नाही’ म्हणून महिनाभर हटून बसलेला माणूस शेवटी येतो तेव्हा बोटाचा प्रश्नच उरलेला नसतो, तो घोट्याचा झालेला असतो.

एखादं बोट वेळेत काढलं तरी माणूस चालू शकतो. अंगठा गेला तर तोल आणि पुढे ढकलण्याची ताकद कमी होते, तरी चालतो. पाय काढायचीच वेळ आली तर गुडघा वाचवण्यासाठी सर्जन इतकी धडपड का करतात? कारण गुडघ्याखालचा कृत्रिम पाय लावून चालायला बरीच कमी ताकद लागते. जयपूर फूट १९६८ मध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात तयार केला. तो घालून शेतात चालता येतं, मांडी घालून बसता येतं.

मधुमेह नाही, वय पस्तिशीच आहे, तरी बोटं काळी पडली. असं कसं?

बिडी, सिगारेट, तंबाखू, मिशरी. यांतलं काय घेता? तरुण वयात हातापायाच्या लहान रोहिण्या सुजून बंद होण्याचा एक आजार आहे, बर्जर्स डिसीज. न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून हे नाव. आधी चालताना पोटरी किंवा तळवा भरून येतो, थांबलं की बरं वाटतं. पुढे रात्री बसल्या जागीही दुखतं आणि माणूस पाय खाटेखाली लोंबकळत सोडून झोपतो. इथे खरा उपचार एकच: तंबाखू पूर्ण बंद. ‘दिवसाला दोनच ओढतो’ चालत नाही. जे पूर्ण सोडतात त्यांच्यातल्या बहुतेकांचे पाय वाचतात, जे ओढत राहतात ते एकेक बोट गमावत जातात.

साप चावला तिथलं मांस सडलं. आधी बँड बांधला असता तर वाचलं असतं का?

उलट झालं असतं. नाग, घोणस आणि फुरसं यांच्या विषाने चावलेल्या जागी सूज येऊन मांस मरू शकतं. घट्ट आवळून बांधलं की विष तिथेच साठतं आणि वरून रक्तही बंद होतं. चिरा देणं, तोंडाने ओढणं, बर्फ लावणं यांनीही नुकसान वाढतं. हात किंवा पाय न हलवता फळीला बांधायचा, अंगठी-बांगड्या-जोडवी काढायची आणि सरकारी रुग्णालय गाठायचं. मुंबईच्या हाफकिनसारख्या संस्था घोड्यांपासून सर्पदंशावरची लस, म्हणजे विषावरचा उतारा, बनवतात. ती अंगात फिरणारं विष निकामी करते, पण आधीच मेलेलं मांस परत आणत नाही. जितकी लवकर मिळेल तितकं मांस वाचतं. मण्यारीचं उलटं असतं. जागेवर सूज नाही, दुखणं नाही, आणि श्वास बंद पडतो. त्यामुळे सूज नाही म्हणून घरी थांबू नये.

हाडही मरतं का?

मरतं. खुब्याच्या सांध्यातल्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोजक्याच असतात. पडून मांडीच्या हाडाची मान मोडली, दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलं, किंवा दारू जास्त झाली की हा गोळा मरू शकतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल आजार बऱ्याच कुटुंबांत आहे, तिथे तरुण मुलांच्या खुब्याचं हेच होतं. जांघेत दुखतं, मांडी घालून बसता येत नाही. सुरुवातीला एक्स-रे चक्क नॉर्मल येतो आणि दुखणं कमरेवर ढकललं जातं. एमआरआयमध्ये ते पकडता येतं.

इथे मात्र एक चांगली बातमी आहे. शरीर मेलेलं हाड कुरतडून त्या जागी खरं, नवीन हाड घालतं, व्रण नव्हे. चार ते आठ वर्षांच्या मुलांना होणाऱ्या पर्थेस आजारात संपूर्ण गोळा मरून दोन-चार वर्षांत पुन्हा बनतो. मोठ्यांची अडचण अशी की नवं हाड तयार होण्याआधीच अंगाच्या भाराने गोळा चपटा होतो. त्याआधी सापडलं तर हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करतात. चपटा झाल्यावर शेवटी सांधा बदलावा लागतो.

हार्ट अटॅकने मेलेला हृदयाचा भाग भरून येतो का? आणि यकृत?

हृदयात व्रण बनतो, स्नायू परत येत नाही. बाकीचं हृदय त्याचं काम वाटून घेतं. मेंदूचंही जवळपास तसंच, फिजिओथेरपीने शेजारचे भाग काम शिकतात. यकृत वेगळं आहे. दोन तृतीयांश काढलं तरी उरलेलं वाढून काम भागवतं, पण वर्षानुवर्षं मार खाल्लेलं यकृत हे करू शकत नाही.

अंथरुणाला खिळलेल्या आजींच्या माकडहाडावर काळा डाग आलाय. पावडर लावू का?

पावडर नको, मालीश नको. दाबामुळे तिथलं रक्त थांबलंय आणि वरचा छोटा डाग म्हणजे आतली मोठी जखम असू शकते. दर दोन तासांनी कूस बदला, हवेची गादी आणा, लघवीने ओलं राहू देऊ नका, आणि प्रथिनं वाढवा: अंडं, डाळ, दूध, जे खाता येईल ते. नर्सला घरी बोलावून दाखवा. दाब हटला नाही तर कोणत्याही मलमाने जखम भरत नाही.

कोणत्या लक्षणांवर रात्रीच हॉस्पिटल गाठायचं?

लाली किंवा सूज तासातासाला वर सरकते आहे. जखम छोटी पण दुखणं तिच्या मानाने भलतंच. कातडीवर काळपट-जांभळे फोड. दाबल्यावर आत करकर जाणवते, म्हणजे हवा. थंडी वाजून ताप, गुंगी, असंबद्ध बोलणं, साखर अचानक ४०० च्या घरात. मांसभक्षी जंतुसंसर्ग आणि गॅस गँगरीन तासांच्या हिशोबाने पसरतात. पुरुषांमध्ये हाच संसर्ग अंडकोषाभोवती होतो आणि लाजेपायी दोन दिवस कोणाला सांगितलं जात नाही. १०८ ला फोन करा, आणि हॉस्पिटलला पोचल्यावर ‘सर्जन आहेत का’ हे पहिलं विचारा.

जखम पूर्ण भरली. आता नेहमीच्या चपला घालू ना?

नका. बऱ्या झालेल्या मधुमेही पायांपैकी दहातल्या सुमारे चौघांना वर्षभरातच पुन्हा जखम होते, बहुतेकदा त्याच जागी किंवा शेजारी. अंगठ्याची स्लीपर, टोकदार बूट आणि अनवाणी चालणं बंद, घरातसुद्धा. एमसीआर चपला घ्या, मऊ काळ्या रबराच्या, मागे पट्टा असलेल्या. कुष्ठरोग्यांसाठी त्या आधी वापरात आल्या, आता मधुमेह्यांच्याही कामी येतात. घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा नाही ना ते बघा. रात्री दोन्ही तळवे आरशात पाहा. नजर कमी असेल तर सुनेला, नातवाला बघायला सांगा. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील तर पुसून कोरडं ठेवा, तेल बेचक्यांत नको. नखं सरळ कापा. आणि दर तीन महिन्यांनी साखरेच्या रिपोर्टबरोबर पायही दाखवा. डॉक्टर विसरले तर तुम्हीच मोजे काढून बसा.